मास्तर आणि तिसरा कॅमेरा

मास्तरांना एकही वाद्य धड वाजवता येत नव्हतं, आणि त्यातूनच त्यांचं सगळं भलं झालं.

तरुणपणी ते क्लॅरिनेट वाजवत. वाजवत म्हणजे, फुंकत. नाचाच्या हॉलमधल्या जॅझ बँडमध्ये त्यांना घेतलं तेव्हा शेजारच्या खुर्चीवर एक ट्रम्पेटवाला बसायचा. वाजवताना त्याचे गाल असे टम्म होत की सगळे त्याला फुगाच म्हणत. या फुग्याने काही दिवस मास्तरांचं क्लॅरिनेट सहन केलं, आणि मग एका तालमीनंतर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "मित्रा, राग मानू नकोस. तुला डोक्यात जे ऐकू येतं ते झकास असणार, तुझ्या चेहऱ्यावर दिसतं. पण नळीतून बाहेर येईपर्यंत वाटेत त्याला अपघात होतो. तू लिही. वाजवायला आम्ही आहोत."

राग मानायचा तो मास्तरांनी मानलाच. पण फुग्याशी अबोला धरून बसल्या बसल्या हाताला काही काम हवं म्हणून त्यांनी एक जुनं गाणं घेतलं आणि बँडसाठी लिहून काढलं. कोणत्या ओळीखाली सॅक्सोफोननी कुजबुजायचं, ट्रॉम्बोनने कुठे जेवण जड झाल्यासारखा सूर काढायचा, कुठे सगळ्यांनी गप्प बसून ड्रमवाल्याला एकट्याला धिंगाणा घालू द्यायचा. हे ठरवणाऱ्याला अरेंजर म्हणतात, हेही त्यांना तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. ज्या गाण्यावर लोक खुर्चीत बसून नुसते पाय हलवत, त्या गाण्यावर त्या संध्याकाळी निम्मा हॉल उठून नाचला. उरलेला निम्मा उठला नाही तो जागा नव्हती म्हणून.

पुढे बँडच त्यांच्या नावावर झाला आणि ते 'मास्तर' झाले. साधंसुधं गाणं त्यांच्या हाती द्यावं आणि ते करवलीसारखं नटूनथटून बाहेर यावं, अशी त्यांची ख्याती झाली. खोड एकच होती. रिकामी जागा दिसली की त्यांच्या पेन्सिलीला खाज सुटे. गाणारा श्वास घ्यायला थांबला की तिथे बासरी, बासरी थांबली की तिथे घंटी. "मास्तर," फुगा काकुळतीला येऊन म्हणे, "एखादी जागा मोकळी सोडा हो. आम्हालाही फुप्फुसं आहेत."

अशा या मास्तरांच्या बँडमध्ये एक गाणारी आली आणि त्यांच्या कागदांना पहिल्यांदाच कुणी जुमानेनासं झालं.

तिचा आवाज काही आभाळ फाडणारा नव्हता. दुपारच्या वेळी शेजारीण खिडकीतून बोलावी तसा होता, जवळचा. पण ती तालावर कधी वेळेवर यायचीच नाही. बस सुटली असं वाटावं, आणि ही बाई न धावता, हातातली पिशवीसुद्धा न हलवता, आत चढून बसलेली असायची. एकच गाणं तिने दोनदा सारखं गायलं असं कधी झालं नाही.

"इथे काय लिहिलंय?" मास्तर कागदावर पेन्सिल आपटत विचारत.

"जे लिहिलंय तेच गायले."

"तेच गायलात, पण केव्हा?"

"पोचले ना शेवटाला तुमच्याबरोबर? मग झालं तर."

हे भांडण रोज होई. सॅक्सोफोनवाले तेवढ्यात पत्त्यांचा डाव मांडत. शेवटी फुगाच वैतागून म्हणाला, "तुम्ही दोघं लग्न करून टाका. भांडण घरी होईल आणि आमची तालीम वेळेवर सुटेल." त्याचा सल्ला अर्धाच कामी आला. लग्न झालं, पण भांडण आता दोन्हीकडे होऊ लागलं. घरात शांतता असली की ती त्यांना 'अहो' म्हणे. 'मास्तर' म्हणाली की समजायचं, आज काही खरं नाही.

वर्षं गेली. फुग्याचे केस गेले, मास्तरांना पोट आलं, आणि नाचणाऱ्यांचे गुडघे कुरकुरू लागले. तरणी पोरं गिटारच्या मागे लागली. तरी हॉल चालू होता. मग एके दिवशी हॉलच्या मालकाने कोपऱ्यात एक टीव्ही आणून ठेवला. मोठा सामना होता, लोक घरी बसतील, त्यापेक्षा इथेच बघू देत, असा त्याचा हिशेब. त्या संध्याकाळी जोडपी नाचत होती खरी, पण सगळी एकाच दिशेला तोंड करून. नाचता नाचता हॉलची सगळी गर्दी हळूहळू त्या कोपऱ्यात वाहत गेली, उतारावर पाणी जावं तशी. मास्तरांनी आवाज वाढवायची खूण केली. तेव्हा मालक लगबगीने स्टेजपाशी आला, हात जोडले आणि म्हणाला, "मास्तर, जरा हळू वाजवाल का? लोकांना ऐकू येत नाहीये."

मास्तरांनी हातातली छडी खाली ठेवली. बँड थांबला, आणि हॉलमधल्या कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. हे मात्र त्यांना फार लागलं. मागे उभ्या असलेल्या बायकोने त्यांच्या कोपराला हात लावला आणि ती म्हणाली, "चला, घरी जाऊ. आज निदान लवकर जेवू."

नंतरचे काही महिने मास्तर घरी होते, आणि घराला ते झेपेना. बँड नाही तर त्यांनी स्वयंपाकघर अरेंज करायला घेतलं. भांडी मापाने लावली, त्यामुळे बायकोला झारा सापडेना. पाहुणे आले की कुणी कुणानंतर बोलायचं हे ते नकळत हाताने दाखवत. एकदा मावशी मध्येच बोलली तर मास्तरांनी तिला डोळ्यांनी दटावलं. मावशी चहा न घेता निघून गेली.

"यांना कुठेतरी कामाला लाव रे," बायकोने आपल्या धाकट्या भावाला सांगितलं, "नाहीतर मी तरी जाते कुठेतरी." हा मेहुणा गावात नव्याने निघालेल्या टीव्ही केंद्रात दिवे लावायच्या कामावर होता. तिथे संगीताच्या कार्यक्रमासाठी निर्माता हवा होता.

"त्या खोक्यात?" मास्तर ताडकन उठले. "ज्याने माझा हॉल खाल्ला त्याच्या पोटात मी जाऊ?"

"जा," बायको म्हणाली. "आतून टोचा त्याला."

केंद्र म्हणजे पूर्वीचं टायरचं गोदाम होतं. भिंतींना पांढरा रंग दिलेला, पण रबराचा वास गेलेला नव्हता. तिथले साहेब मास्तरांपेक्षा बरेच तरुण होते. त्यांनी विचारलं, "टीव्हीचा काही अनुभव?"

"आहे ना," मास्तर म्हणाले. "टीव्हीमुळे माझं काम गेलं. याहून जवळचा संबंध काय हवा?"

साहेब हसले. हसले तिथेच फसले, असं पुढे ते स्वतःच सांगत.

निर्मात्याची खुर्ची म्हणजे काचेआडची एक अंधारी खोली होती. समोर छोट्या पडद्यांची रांग, एकेका कॅमेऱ्याला एकेक पडदा. शेजारी एक बाई बसे. तिला सगळे बटणवाली म्हणत. निर्मात्याने आकडा म्हटला की ती त्या कॅमेऱ्याचं बटण दाबणार आणि तेच चित्र घराघरांत जाणार. कॅमेरे तीन. चौथं बटण पलीकडच्या खोलीतल्या बातम्यांच्या टेबलाचं.

पहिल्याच थेट कार्यक्रमात मास्तरांनी कानाला यंत्र लावलं, समोर वाद्यं घेऊन सज्ज बसलेली मंडळी पाहिली, आणि जन्मभराच्या सवयीने हात उचलून जोरात म्हणाले, "एक, दोन, एक-दोन-तीन-चार!"

बटणवाली कामात चोख होती. एक, दोन, एक, दोन, तीन, चार, सगळी बटणं तिने तालात दाबली. चित्रं भराभर उड्या मारत गेली आणि चारवर येऊन थांबली. बातम्या सांगणारे गृहस्थ अर्ध्या तासाने येणाऱ्या आपल्या पाळीआधी शांतपणे पाव खात बसले होते. तोंडभर पाव घेतलेले ते गंभीर गृहस्थ सगळ्या गावाने पाहिले, आणि पाठीमागे नाचाचं संगीत सुरू झालं.

"मास्तर," बटणवाली हलकेच म्हणाली, "इथे आकडा जपून उच्चारायचा असतो."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर 'चला रे' म्हणून सुरुवात करू लागले. मात्र त्या कामाची गोम त्यांना लवकरच सापडली. दूरचा कॅमेरा म्हणजे डबल बास, सगळ्यांना पोटात घेणारा. जवळचा म्हणजे ट्रम्पेट, फार वेळ चालला तर डोकं उठवणारा. तिसरा, बाजूने फिरणारा, तो सॅक्सोफोन, त्याने कडेकडेने गुणगुणायचं. ते कॅमेऱ्यांच्या हालचाली संगीत लिहायच्या पाच रेघांवर लिहू लागले. कॅमेरावाल्यांनी आधी डोक्याला हात लावला, नंतर त्यांना ते वाचताही येऊ लागलं. साल-दोन सालांत मास्तरांचा कार्यक्रम गावात इतका चालू लागला की त्या वेळेला रस्त्यावर कुत्रीसुद्धा एकटी पडत.

कौतुक सगळीकडून होई, घर सोडून.

"डोळ्यांना घेरी येते," बायको म्हणे. "त्या बासरीवाल्याचं तोंड नीट बघेपर्यंत तुम्ही त्याचे बूट दाखवता. बूट बघितले की छत. छतात काय आहे?"

"लय आहे त्यात," मास्तर म्हणत.

"असेल. मला कोळिष्टकं दिसली."

एकदा साहेबांच्या मनात आलं की जुन्या नाचाच्या हॉलची गाणी घेऊन एक खास कार्यक्रम करावा. मास्तरांना तर आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं झालं. त्यांनी पाऊस पडल्यासारखे निरोप धाडले. फुगा आला, ड्रमवाला आला, सॅक्सोफोनवाले आले. सगळ्यांचे कोट आखूड झाले होते. तालीम झकास झाली. बायको गायली, आणि बटणवाली आपलं बटण सोडून दारात येऊन उभी राहिली.

तालीम संपल्यावर साहेबांनी मास्तरांना बाजूला घेतलं. "आवाज अप्रतिम आहे. आवाज हाच हवा. पण... चित्राचा विचार करता... समोर कुणीतरी तरुण असलं तर?"

"म्हणजे?"

"वहिनी पडद्यामागे गातील. पुढे एक मुलगी ओठ हलवेल. आपली निवेदिका आहे ना, ती. देखणी आहे."

मास्तरांना भांडावंसं वाटलं, पण कार्यक्रमच रद्द झाला तर फुग्याला आणि बाकीच्यांना काय तोंड दाखवणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग त्यांनी निदान एक हट्ट धरला, बँड आणि गाणं जिवंतच झालं पाहिजे, आधी टेपवर भरून ठेवायचं नाही. साहेबांनी मान डोलावली. आपण बाजी मारली असं मास्तरांना वाटलं. खरं म्हणजे त्यांनी स्वतःच्या पायाखालची फळी स्वतःच काढून ठेवली होती.

घरी सांगायचं कसं, हा प्रश्नच होता. मास्तर जेवताना म्हणाले, "आज भाजी छान झालीय."

"काय केलंत?" बायकोने विचारलं.

"मी? कुठे काय?"

"भाजी कालचीच आहे. काल नाही बोललात ते. सांगा, काय केलंत?"

मास्तरांनी सांगितलं. सांगताना प्रकाशयोजना, चित्राची मांडणी, प्रेक्षकांची आवड असं बरंच काही मध्ये घातलं. मोकळी जागा म्हणून सोडली नाही. बायकोने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"म्हणजे माझं तोंड चालत नाही."

"अगं, तसं नाही..."

"मग कसं?"

ती उठून खिडकीशी गेली. रडेल की काय म्हणून ते घाबरले. पण वळली तेव्हा तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, आणि ते त्यांना रडण्यापेक्षाही जास्त भीतीचं वाटलं.

"बरं आहे की," ती म्हणाली. "नटायला नको, पोट आत घ्यायला नको. घरच्या चपला घालून येईन. पण मास्तर, त्या मुलीला माझ्याबरोबर ओठ हलवायला जमेल?"

"त्यासाठीच तर सांगतोय. या एका वेळी, फक्त एका वेळी, जसं लिहिलंय तसंच गा."

"गाईन," ती म्हणाली. आणि खरंच, नंतरच्या प्रत्येक तालमीला ती जसंच्या तसं गायली. स्वर जागच्या जागी, शब्द तालाच्या टाचेवर. इतक्या वर्षांत मास्तरांनी मागितलं ते पहिल्यांदाच त्यांच्या पदरात पडलं होतं, आणि ऐकताना त्यांना कसंतरीच होत होतं. आपलं गाणं इतकं सरकारी कधीपासून झालं, असा विचार मनात येऊन गेला, तो त्यांनी झटकला. फुगा तेवढा धुसफुसत होता. "वहिनींना पडद्यामागे ठेवता? मग मलाही ठेवा. माझं टक्कल काय दिव्यासाठी बसवलंय?" त्याचंही ऐकलं गेलं. चित्र बरं दिसावं म्हणून अख्खा बँडच जाळीच्या पडद्यामागे गेला. तिसरा कॅमेरा तेवढा कडेला ठेवला, मधूनमधून वाद्यांवरचे हात दाखवायला.

कार्यक्रम सुरू झाला. ती मुलगी चमचमता झगा घालून उभी होती. देखणी तर होतीच, शिवाय जिवाचं रान करून तालमीला आलेली. पहिलं कडवं सुरेख पार पडलं. ओठ आणि आवाज एकमेकांत असे बसले की काचेमागे उभे असलेले साहेब स्वतःशीच मान हलवू लागले. मास्तर आपल्या पाच रेघांच्या कागदावरून आकडे म्हणत होते, बटणवाली दाबत होती.

दुसऱ्या कडव्याच्या आधी ट्रम्पेटचा एक लहानसा तुकडा होता. फुग्याने तो वाजवला. आणि मग काय झालं कोण जाणे, जुन्या हॉलमधली एखादी संध्याकाळ आठवली असेल, किंवा पडद्यामागे आपल्याला कोण बघतंय असं वाटलं असेल, त्याने त्या तुकड्याला एक शेपूट जोडलं. कागदावर नसलेलं, मऊ, प्रश्न विचारल्यासारखं.

प्रश्न विचारल्यावर उत्तर द्यायचं नाही, हे मास्तरांच्या बायकोला कधीच जमलं नव्हतं. ती थांबली. शब्दांची वेळ आली, ती गायली नाही. पुढे उभ्या असलेल्या मुलीचे ओठ हलले, आणि त्यातून काहीच बाहेर आलं नाही. मग मुलगी गप्प झाली आणि आवाज आला, उशिरा, ऐटीत, पिशवी सांभाळत बसमध्ये चढावं तसा. मुलीने घाईने त्याला गाठलं. तोवर आवाजाने वळण घेतलं होतं.

"काय चाललंय?" साहेब ओरडले.

पहिल्या कॅमेऱ्यात मुलगी मासोळीसारखं तोंड उघडमीट करत होती. "दोन," मास्तर म्हणाले. दुसऱ्यातही तीच, फक्त दुरून. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि तेवढ्यात त्या पोरीनेच एक शहाणपणा केला. तिने तोंड मिटलं, हसली, आणि सरळ पाठ वळवून जाळीच्या पडद्याकडे पाहत ऐकत उभी राहिली.

मास्तरांची नजर तिसऱ्या पडद्यावर गेली. कडेच्या कॅमेरावाल्याने हात दाखवायचे सोडून कॅमेरा वर उचलला होता. त्यात त्यांची बायको दिसत होती. नाकावर घसरलेला चष्मा, कोपरावर विरलेला स्वेटर, पायात घरच्या चपला. कागद खुर्चीवर टाकून दिलेला. एक हात फुग्याच्या खांद्यावर, आणि त्या हाताची बोटं त्याच्या कोटावर ताल धरत होती. फुग्याचे डोळे मिटलेले, गाल टम्म.

"तीन," मास्तर म्हणाले.

बटणवालीने साहेबांकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, आणि बटण दाबलं.

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागलेला मास्तरांच्या बायकोने पाहिला. ती दचकली नाही. तिने फक्त चष्मा बोटाने वर सरकवला आणि कॅमेऱ्यात असं पाहिलं, जसं हॉलमध्ये मास्तरांची छडी घाईला आली की पाहायची. थांबा जरा, पोचतेय मी. आणि गात राहिली.

"पुढे, मास्तर?" बटणवालीने विचारलं. "आता एक? दोन?"

मास्तरांच्या हातातल्या कागदावर त्या कडव्यासाठी रेघोट्यांची दाटी होती. त्यांनी तो मांडीवर उपडा ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "काही नको."

गाणं संपेपर्यंत त्या खोलीत कुणी आकडा उच्चारला नाही. इतकी वर्षं तिच्याकडे पाठ करून आपण बँडकडे पाहत होतो, आणि ती गाताना कशी दिसते हे समोरच्या नाचणाऱ्या सगळ्या हॉलला ठाऊक होतं, आपल्यालाच तेवढं नाही, असं काहीसं मास्तरांच्या मनात आलं. डोळे पुसायला रुमाल काढला तर त्यातून पेन्सिल पडली.

कार्यक्रम संपला तसे साहेब लालबुंद होऊन पुढे आले. "मास्तर, हे काय होतं? चपला? स्वेटर? तुम्हाला कल्पना आहे का..." तेवढ्यात फोन वाजला. साहेबांनी तो खसकन उचलला आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हो आई. कामात आहे गं. हो, पाहिला. चष्म्याच्या ना? हो, मास्तरांच्याच त्या... बरं. बरं. विचारतो." त्यांनी फोनवर हात ठेवला. "आई विचारतेय, त्या चष्मेवाल्या बाई परत कधी येणार आहेत?"

"मला काय विचारता?" मास्तर म्हणाले. "त्यांनाच विचारा. मला विचारून त्या कधीच येत नाहीत."

घरी काय वाढून ठेवलंय याची मात्र मास्तरांना कल्पना नव्हती. कौतुक होईल, निदान एखादा गोड शब्द मिळेल, अशा आशेने ते दारातून शिरले. बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"सगळ्या गावाला माझा विरलेला स्वेटर दाखवलात, मास्तर."

"अगं, पण किती सुंदर..."

"आधी एक खूण केली असतीत तर निदान केस तरी नीट केले असते! समोरच्या काकू येऊन गेल्या. म्हणतात, गाणं छान झालं हो, पण प्रकृती बरी नाही का?"

पुढे काही दिवस तिने अबोला धरला. मास्तरांनी नवा स्वेटर आणला, तो रंग आवडला नाही म्हणून बदलून आणला, तोही आवडला नाही. अखेरीस फुगा मध्यस्थीला आला, पोटभर जेवला, आणि जाताना म्हणाला, "वहिनी, एक सांगू? पडद्यावर तुम्ही जशा दिसलात तशाच आम्हाला कायम दिसत होतात." यावर ती हसली. मास्तरांना वाटलं, हे वाक्य आपल्याला का सुचलं नाही. आपण तर लिहिणारे.

पुढे तिचा कार्यक्रम सुरू झाला, पण तिच्या अटींवर. मनात येईल तेव्हा येणार, बसून गाणार, फुगा शेजारी हवा. ती देखणी निवेदिका तिच्याकडे गाणं शिकायला येऊ लागली आणि बरी गाऊही लागली, फक्त वेळेवर यायची तिची सवय काही सुटेना. मास्तर त्या काचेआडच्या खोलीत पुष्कळ वर्षं बसले. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं पुढे दुसऱ्या केंद्रांवर गेली, आणि पाच रेघांवर कॅमेरे लिहायची रीतही त्यांच्याबरोबर गेली. बायकोच्या गाण्याला मात्र त्यांनी परत कधी कागद लिहिला नाही. त्या वेळी ते बटणवालीला म्हणत, "तू बघ, तुला वाटेल तिथे दाब," आणि मागे रेलून ऐकत.

निवृत्त झाल्यावर ते घरी टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसू लागले. नव्या निर्मात्यांचं त्यांना काही म्हणून पटेना. "अरे, आता बोटं दाखव! कुठे भिंत दाखवतोय हा? एक! एक घे!" असा त्यांचा आरडाओरडा रस्त्यापर्यंत ऐकू जाई. बायको शेजारी मटार सोलत बसे. एकदा तिचंच जुनं गाणं पुन्हा दाखवत होते. मास्तरांनी तोंड उघडलं, आणि तिने सोललेले चार दाणे त्यांच्या हातावर ठेवले.

"अहो," ती म्हणाली, "हे खा आणि गप्प बसा. मला ऐकू द्या, कशी गायचे ते."